पंधरा फ्रेम

"दोष टीव्हीचा असेल," मी म्हणालो.

"टीव्ही नवा आहे, काका. आधी आम्हालाही तसंच वाटलं. जुन्या टीव्हीला नावं ठेवली, मग बदलला. नव्यावरही तेच."

"मग वायर बघा."

"बघितली." ती स्टुलावर बसली आणि किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवू लागली. "मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी हेच सांगतो. डोळे चांगले आहेत, दोष चष्म्याचा आहे."

तोंडावर कोणी असं बोललं की मला राग येतो, आणि बोलणारा बरोबर असला तर जास्त येतो. एकतीस वर्षं मी लोकांचे समारंभ टिपतोय. लग्नं, वाढदिवस, उद्घाटनं, निरोप. उजेड कमी पडला, चित्र हललं, अमक्याच्या मामांचा चेहराच आला नाही, असल्या तक्रारी ढिगानं ऐकल्या. पण आवाज आणि ओठ जुळत नाहीत म्हणून आजवर कोणी माझी पायरी चढलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या धंद्याला अगदी चपखल बसते हे मला ठाऊक आहे. तरीही पेनड्राइव्ह लावताना मी मनात अंगणच वाकडं धरून चाललो होतो.

पडद्यावर बस आगाराचं सभागृह आलं. ओळीनं खुर्च्या, स्टेजवर टेबल, टेबलावर फुलांचे गुच्छ आणि माइकपुढे तिचे वडील. मला ते आठवले. आगाराचे कंट्रोलर. पस्तीस वर्षं काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या होत्या आणि निवृत्तीच्या भाषणाची सुरुवातही त्यांनी आपल्या रोजच्या घोषणेनं केली होती. सगळं सभागृह हसलं होतं.

"फलाट क्रमांक पाचवर उभी असलेली गाडी…"

आधी आवाज आला, मग ओठ उघडले. गाडी फलाटाला लागायच्या आधीच ती सुटल्याची घोषणा व्हावी, तसं ते दिसत होतं. मी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"याला आठ-नऊ महिने झाले असतील," मी म्हणालो. "एवढे दिवस का नाही आणलंत?"

"तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं. बाबा समोर बसून स्वतःच बोलत असायचे, तो व्हिडिओ कोण बघतोय." तिनं पर्स मांडीवर घेतली. "दोन महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात थोडं. पण बोलणं गेलं."

मी व्हिडिओ थांबवला.

"बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, त्यांचं स्वतःचंच बोलतानाचं काही असेल तर रोज लावा. स्वतःचे ओठ बघायचे, स्वतःचा आवाज ऐकायचा आणि बरोबर म्हणायचं. मी हे लावलं. बाबा ओठांकडे बघून तोंड उघडतात, तोवर शब्द पुढे गेलेला असतो. चार-पाच दिवस त्यांनी खूप प्रयत्न केला. परवा रिमोट फेकला आणि रडले. मला वाटतं, त्यांना वाटलं हेही आपल्यामुळेच बिघडलं."

"तुमच्या वडिलांचा काही दोष नाही," मी म्हणालो. "माझा आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून एकतीस वर्षांत पहिल्यांदाच निघालं असेल. त्या वेळी ते मला फार मोठं वाटलं. पुढच्या अर्ध्या तासात ते अगदीच किरकोळ ठरणार होतं.

आवाज ओठांच्या मागेपुढे झाला असेल तर तो बसवायची माझी एक जुनी रीत आहे. प, फ, ब, भ, म ही अक्षरं शोधायची. ओठ मिटल्याशिवाय ती म्हणता येत नाहीत, शाळेत शिकवतात तसं. मिटलेले ओठ चित्रात सापडतात, आवाज कानाला सापडतो. एक दुसऱ्यावर आणून ठेवायचा. कंट्रोलरांच्या 'पाच'मधला प मी धरला. चित्राचे एका सेकंदाला पंचवीस तुकडे पडतात, त्यांना आम्ही फ्रेम म्हणतो. एकेक फ्रेम सरकवत मोजलं. आवाज बरोब्बर पंधरा फ्रेम आधी होता. अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त.

एखाद-दुसरी फ्रेम इकडेतिकडे होणं समजू शकतो. पंधरा म्हणजे गाढवपणा.

"असं कशानं झालं?" तिनं विचारलं.

"तेच बघतोय."

खरं म्हणजे आवाज पंधरा फ्रेम मागे ढकलला की काम झालं असतं. पण चित्राबरोबर दिलेला आवाज दाबून लहान केलेला असतो, आणि यांना तर सरावासाठी स्वच्छ आवाज हवा होता. पेनड्राइव्हवर दुसरीही एक फाइल होती, नुसत्या आवाजाची. काम घेऊन जाताना कंट्रोलर म्हणाले होते, "नुसतं भाषण वेगळं द्याल का? रेडिओसारखं ऐकत पडेन." मी रेकॉर्डरमधली मूळ फाइल तशीच उचलून दिली होती. पुढचंमागचं कापायची तसदी घेतली नव्हती.

"ही तर आम्ही उघडलीच नाही कधी," ती म्हणाली.

मी मूळ फाइल उघडली. आवाज पडद्यावर रेघेसारखा दिसतो. कोणी बोललं की रेघ फुगते, टाळी वाजली की सुळका उभा राहतो. सुरुवातीलाच एक उंच सुळका होता. ती टाळी होती. आमच्या हिची.

आता टाळीबद्दल सांगायला हवं. माझ्या कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक सहा वर्षांपूर्वी गेला. दुरुस्त करणारा धड माणूस मिळाला नाही. मग मी चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरमध्ये, असं करायला लागलो. दोन्ही नंतर जोडायचे तर दोन्हींत एक खूण लागते. म्हणून दोन्ही यंत्रं चालू झाली की कॅमेऱ्यापुढे एक टाळी वाजवायची. चित्रात तळवे भेटतात ती फ्रेम आणि आवाजातला सुळका, हे एकावर एक ठेवले की पुढचा सगळा कार्यक्रम आपोआप जुळतो. टाळी वाजवायला ही यायची. रेकॉर्डर वक्त्याच्या टेबलावर ठेवायची, त्याच्याशेजारी उभी राहायची. मी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यापाशी. उंटावरून शेळ्या हाकायचं काम मला चांगलं जमतं. लोक तिला टाळीवाल्या काकू म्हणायचे. सहा वर्षांत तिनं सहाशे तरी टाळ्या वाजवल्या असतील, आणि प्रत्येक टाळी मी कापून फेकली. गिऱ्हाइकाला टाळी द्यायची नसते. त्याचा कार्यक्रम टाळीनंतर सुरू होतो.

निरोप समारंभानंतर अकराव्या दिवशी ही गेली. सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि ती ओट्यापाशी खाली बसली ती बसलीच. मेंदूत रक्ताची गुठळी, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला विचारलं होतं, "आधी काही लक्षण दिसलं होतं? हात जड होणं, जीभ अडखळणं?" मी ठामपणे सांगितलं, "काही नाही. ठणठणीत होती." चिरंजीव परगावाहून धावत आला, त्यालाही तेच सांगितलं. त्याचं त्याला थोडं समाधान वाटलं. एकदम गेली, कळायच्या आत गेली, असं तो सगळ्यांना सांगत राहिला.

पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. "बाबा, आईचा आवाज असेल ना तुमच्याकडे? पिल्लूला ऐकवायचा होता." पिल्लू म्हणजे माझी तीन वर्षांची नात. मी म्हणालो, "असेल म्हणजे काय, ढीग असेल." आणि शोधायला बसलो. आठवडाभर शोधलं. काही नव्हतं. आमच्या घरात कॅमेरा फक्त पुसायला बाहेर निघायचा. चिरंजीवाच्या फोनमधल्या व्हिडिओत ती होती, पण लाजून हात पुढे करून पडद्याबाहेर जाणारी. रेकॉर्डरची कार्डं मी दर कामानंतर पुसून पुढच्या कामाला घेत होतो. जगाचे आवाज जोडून देणाऱ्याच्या घरात बायकोचं एक वाक्य नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चिरंजीवाला मी खोटं सांगितलं. म्हणालो, शोधतोय अजून.

आणि आता त्या सुळक्याच्या आधी, पडद्यावर, रेघ थोडी फुगलेली दिसत होती. कोणीतरी टाळीच्या आधी बोललं होतं.

मी फाइल सुरुवातीपासून लावली.

खुर्च्या सरकवल्याचा आवाज. कोणीतरी पंखा लावायला सांगत होतं. आणि मग अगदी जवळून, रेकॉर्डरला तोंड लावून बोलावं तसा आवाज.

"अहो. ऐकताय ना?"

माझा हात माउसवरच राहिला.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा.

"डावा हात उचलतच नाहीये हो आज. सकाळपासून जड झालाय."

पुन्हा थोडा वेळ काही नाही.

"बरं, राहू दे. घरी गेल्यावर बघू. चालू करा. टाळी."

एक हलकी चापट ऐकू आली, पोळपाटावरचं पीठ झटकावं तशी. आणि लगेच पाठोपाठ टेबलावर हाताची सणसणीत थाप. सुळका त्या थापेचा होता.

"आली का हो?"

मग भाषणं सुरू झाली.

चष्म्याच्या दुकानातली मुलगी स्टुलावर पुढे सरकून बसली होती. "या कोण?"

"आमची ही."

"टाळीवाल्या काकू? मला आठवतात. त्यांनी बाबांची कॉलर नीट केली होती." मग तिच्या लक्षात आलं असावं. तिच्या घरात दोन महिने हेच चाललं होतं. "काका, त्यांचा हात उचलत नव्हता? बाबांचाही आधी हातच जड झाला होता. संध्याकाळी बरा झाला म्हणून आम्ही सोडून दिलं. मग तुम्ही नेलं ना त्यांना दवाखान्यात?"

"मला माहीतच नव्हतं," मी म्हणालो.

"पण त्या तर तुम्हालाच सांगताहेत."

कॅमेऱ्यामागे उभा असताना मी कानांना हेडफोन लावत असे. भले मोठे, काळे. तिला वाटायचं, रेकॉर्डरमध्ये बोललेलं मला त्यात ऐकू येतं. पूर्वी येतही असे, कॅमेऱ्याच्या माइकचं. माइक गेल्यावर त्या हेडफोनात काहीही येत नव्हतं. त्याची वायर मी कॅमेऱ्याच्या मागे नुसती अडकवून ठेवायचो. पण बिनहेडफोनचा शूटिंगवाला लोकांना अर्धवट वाटतो, म्हणून लावायचो. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. ती तिकडून काहीतरी बोलायची, ओठ हललेले मला दिसायचे, आणि मी अंगठा वर करायचो. चालू आहे, या अर्थी. तिनं तो अंगठा सहा वर्षं उत्तर म्हणून घेतला.

त्या दिवशीही मी अंगठा वर केला असणार. दोनदा.

"मला ऐकू येत नव्हतं," एवढंच मी म्हणालो.

तिनं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

चूक कशी झाली ते आता मला लख्ख दिसत होतं. डावा हात वर येईना म्हणून तिनं उजवा हात खाली नेऊन डाव्या तळव्यावर मारला होता. तो वाजलाच नाही. वाजला नाही हे तिलाही कळलं. आपल्या नवऱ्याचं काम अडू नये म्हणून तिनं लगेच टेबलावर थाप मारली. दोन्हींमध्ये पंधरा फ्रेमचं अंतर होतं. मी जोडायला बसलो ते कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी, याच खुर्चीवर. चित्रात तळवे भेटलेली फ्रेम धरली, आवाजातला सुळका धरला, एकावर एक ठेवले आणि पुढच्या कामाला लागलो. टाळी छातीसमोर न वाजता कमरेपाशी वाजतेय, डावा हात ओल्या कपड्यासारखा लोंबतोय, हे माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी तिच्या तळव्यांकडे बघत होतो. तिच्याकडे नाही. आवाज दोन मिनिटं आधीपासून ऐकला असता तरी पुरलं असतं. ती आत स्वयंपाकघरात होती. नऊ दिवस हातात होते.

बैल गेला आणि झोपा केला, असं आपण दुसऱ्यांना किती सहज म्हणतो.

घरी गेल्यावर तिनं सांगितलं का, हे मी आठवायचा खूप प्रयत्न केला. सांगितलं नसावं. तिचाही हात संध्याकाळी बरा झाला असेल. किंवा दोनदा अंगठा मिळाल्यावर तिला वाटलं असेल, यांना सांगून झालंय, हे काही म्हणत नाहीत म्हणजे विशेष काही नसेल.

"काका, मी उद्या येऊ का?" मुलगी म्हणाली.

"नाही. बसा. दहा मिनिटांचं काम आहे."

काम हातात असलं की माणूस उभा राहतो, हे मी लोकांच्या दुःखात पुष्कळ वेळा बघितलंय. मूळ आवाज चित्राखाली घातला. कंट्रोलरांचा 'पाच' त्यांच्या मिटलेल्या ओठांवर आणून ठेवला. मग पुढे 'प्रवासी', 'बंधू', 'माझ्या मित्रांनो', प्रत्येक ठिकाणी थांबून तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. नुसत्या घोषणेचा तुकडा वेगळा करून दिला, चेहरा पडदाभर मोठा करून, एकामागून एक वीस वेळा. बाईंना सरावाला सोपं जाईल म्हणून.

पेनड्राइव्ह परत करायच्या आधी मी तिला विचारलं, "ही आवाजाची फाइल मी माझ्याकडे ठेवून घेऊ का?"

"असं काय विचारता," ती म्हणाली. "ती तुमचीच आहे."

ती गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं. दुपारचे दोन वाजले होते. समोरच्या शाळेची मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली.

चिरंजीवाला पाठवण्यासारखं आता माझ्याकडे काहीतरी होतं. आईचा आवाज, स्वच्छ, जवळून. फक्त मधलं एक वाक्य तेवढं नको होतं. मी डॉक्टरांना काय सांगितलं होतं, त्याला काय सांगितलं होतं, ते सगळं त्या एका वाक्यानं उघडं पडत होतं. आणि कापणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. मी कात्री चालवली. "डावा हात" पासून "बघू" पर्यंत. दोन टोकं जोडली. ऐकलं.

"अहो. ऐकताय ना? चालू करा. टाळी." थाप. "आली का हो?"

कुठे जोड कळत नव्हता. इतकं बेमालूम काम मी गिऱ्हाइकासाठीही क्वचितच केलं असेल. पिल्लूला ऐकवायला हे छान होतं. आजी हसतमुख आहे, आजी टाळी वाजवतेय. मी ते तीनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा मला माझीच किळस आली. सहा वर्षं तिला कापत आलो, आणि आता ती नाही तर पुन्हा तेच. ती सांगत होती आणि मी पुन्हा एकदा तिला सांगू देत नव्हतो.

कापलेलं परत जोडलं. सगळंच्या सगळं पाठवलं, खुर्च्यांच्या आवाजापासून. खाली लिहिलं, "आईचा आवाज सापडला. एकटा असशील तेव्हा ऐक."

तासाभरानं चिरंजीवाचा फोन आला. मी त्याचा श्वास ऐकत होतो.

"बाबा, हे कधीचं?"

"अकरा दिवस आधीचं."

"तुम्ही किती लांब होतात?"

"सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला."

"मग तुम्हाला ऐकू कसं येणार," तो म्हणाला. तो मला वाचवू बघत होता. लहानपणीही माझा चहा सांडला की तो 'कप गळका आहे' म्हणायचा. मी ते घेतलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"तेव्हा नाही आलं," मी म्हणालो. "पण दोन दिवसांनी हाच आवाज माझ्यापुढे होता. मी जोडायला घेतला होता. तेव्हा ऐकला असता तर कळलं असतं. मी ऐकला नाही. मी फक्त टाळी बघितली."

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, ठणठणीत होती."

"हो."

"मला सांगितलंत."

"हो."

पाठीमागून पिल्लूचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं, ती कोणाला तरी रागावत होती.

"मी नंतर बोलतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तो नंतर बोलला नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला. एकच ओळ होती. "ती फाइल पुसू नका, बाबा."

मी फाइलच्या चार प्रती केल्या. एक कॉम्प्युटरमध्ये, दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि एक रेकॉर्डरच्या कार्डावर. त्या कार्डावर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'हे वापरायचं नाही'.

त्याच दिवशी चष्म्याच्या दुकानातल्या मुलीचा फोन आला. "काका, एक मिनिट हं," म्हणाली आणि तिनं फोन कोणाच्या तरी तोंडाशी नेला. आधी त्यांच्या टीव्हीतून माझीच फाइल ऐकू आली. फलाट क्रमांक. मग टीव्हीतला 'पाच' आणि त्याच्यावर बसवल्यासारखा, जाडाभरडा, अर्धा ओठांतच अडकलेला दुसरा एक आवाज.

"पा… च."

"ऐकलंत?" मुलगी म्हणाली. ती रडत होती. "सकाळपासून चौथ्यांदा म्हणाले. फलाट येत नाही अजून. पण पाच येतंय."

"येईल," मी म्हणालो. "फलाटही येईल. 'फ' थोडा अवघड आहे."

फोन ठेवला आणि मी स्टुलाकडे बघत बसलो. मग ते मोठे काळे हेडफोन खुंटीवरून काढले. त्यांची वायर सहा वर्षांत पहिल्यांदाच खरोखरच्या भोकात लावली. कानांवर चढवले आणि फाइल सुरुवातीपासून लावली.

तिच्या पहिल्या वाक्यानंतरची शांतता मी मोजली होती. पन्नास फ्रेम. दोन सेकंद. ती तेवढं थांबली होती, माझं काही येतंय का बघायला.

"अहो. ऐकताय ना?"

"ओ," मी म्हणालो.

पण मी बोललो तोवर ती पुढचं बोलू लागली होती. मी मागे नेलं. पुन्हा लावलं.

"अहो. ऐकताय ना?"

"ओ."

या वेळी ओ वेळेत पडली. त्यानंतर तिनं मला तिच्या हाताबद्दल सांगितलं, आणि मी शेवटपर्यंत ऐकलं.